सरकारी मनोरुग्णालय, कोर्टाच्या आदेशाने : एका झेरॉक्सवाल्याचा अनुभव

मिसळीच्या हॉटेलचं नाव टाकलं की तर्री किती तिखट, पाव शिळा होता की ताजा, हे दोनशे लोकांनी लिहून ठेवलेलं सापडतं. गेल्या वर्षी धाकट्या भावाला सरकारी मनोरुग्णालयात न्यायची वेळ आली तेव्हा मी रात्री दोनला अंथरुणात बसून असंच काही शोधत होतो. सापडलं काय? 'झाडी भरपूर आहे' आणि 'पार्किंगला जागा आहे'. कागद कुठले लागतात, माणसाला तिथपर्यंत न्यायचं कसं, आत मारतात का, यावर एक अक्षर नाही. बरोबर आहे म्हणा, घरातला माणूस तिथे होता हे कोण लिहील? आम्ही लिहितोय. धाकट्याला विचारून लिहितोय.

हॉस्पिटलचं नाव देणार नाही. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं मुख्यतः चार : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मंजूर खाटा अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५. यातलं एक, इतकं पुरे. तिथल्या दोनतीन माणसांनी नियमाबाहेर जाऊन आम्हाला मदत केली, नाव लिहून त्यांच्यावर बालंट आणायचं नाही.

माझं दुकान तालुक्याच्या कोर्टासमोर आहे. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन. एकवीस वर्षं वकिलांचे अर्ज टाइप करतोय, त्यामुळे मला वाटायचं की कागदाचं काम असेल तर आपल्याला कोण अडवणार.

धाकटा एकेचाळीसचा. कंपनीत फिटर होता. आजार बारा वर्षांचा, खासगी डॉक्टरांच्या गोळ्यांवर बरा चालला होता. मग नोकरी गेली, गोळ्यांचे पैसे माझ्याकडे मागायला तो लाजला असावा, आणि गोळ्या बंद. आम्हाला कळलं तेव्हा खिडक्यांच्या फटींना माझ्याच दुकानातली ब्राऊन टेप लागलेली होती. घरातलं शिजवलेलं खाणं बंद. केळं चालायचं, कारण साल असते. बिस्किटाचा पुडा चालायचा, पण तो आधी ट्यूबलाइटखाली धरून दोन्ही टोकांचं सील बघायचा, एखादी घडी वाकडी दिसली की पुडा बाहेर. चार महिन्यांत अकरा किलो वजन गेलं. कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त दाराबाहेर यायचं नाही.

टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर मी त्या रात्रीतच लावला. मराठीत बोलले, घाईनं फोन ठेवला नाही, मलाच 'तुम्ही झोपलाय का' असं विचारलं. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पण फोनमधून कुणी हात काढून माणसाला उचलून नेऊ शकत नाही, हे त्यांनीही कबूल केलं.

खरी अडचण तीच. मनोरुग्णालयात फोन केला तर तिथले डॉक्टर म्हणाले, कोर्टाची काही गरज नाही, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ८९ आहे, नातेवाईकाच्या अर्जावर आम्ही तपासून दाखल करून घेतो. तुम्ही फक्त घेऊन या. घेऊन या! रुग्णवाहिकेवाले म्हणाले, पोलिस सोबत असतील तर येतो. पोलिस ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले, रस्त्यावर फिरत असता तर आम्ही आमच्या अधिकारात उचलून दवाखान्यात दाखवला असता, तो घरात आहे, घरात शिरून माणूस उचलायचा तर मॅजिस्ट्रेट साहेबांची ऑर्डर आणा. आईनं विचारलं, मग त्याला रस्त्यावर सोडू का? अंमलदारांनी मान खाली घातली. म्हणजे आम्हाला कोर्टाचा आदेश उपचारासाठी लागलाच नाही. तो लागला जीपसाठी.

आता माझी फजिती सांगतो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये असल्या अर्जाचा नमुना होताच. कुणी तरी वकिलांनी दिलेला, २००६ सालचा. फाइलचं नाव मीच ठेवलेलं : 'वेडा अर्ज'. कितीतरी लोकांना मी तो नाव-पत्ता बदलून पानाला तीस रुपयांनी विकला होता. त्या दिवशी स्वतःच्या भावाचं नाव त्यात टाकताना पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. कोर्टातल्या कारकुनांनी दोन मिनिटांत परत दिला. 'हा सत्त्याऐंशीच्या कायद्याचा आहे. तो कायदा गेला की २०१८ला.' जुन्या कायद्यात मॅजिस्ट्रेट 'रिसेप्शन ऑर्डर' काढायचे आणि माणूस आत जायचा. नव्या कायद्यात तसं नाही. कलम १०२प्रमाणे मॅजिस्ट्रेट माणसाला सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत तपासणीला पाठवू शकतात, किंवा तपासणीसाठी जास्तीत जास्त दहा दिवस दाखल करायला परवानगी देऊ शकतात. दहा. पुढे काय ते डॉक्टरांनी ठरवायचं आणि मॅजिस्ट्रेटना अहवाल पाठवायचा. 'कायमचा ठेवून घ्या' अशी ऑर्डर मिळते असं अजूनही आमच्याकडे लोक समजतात. दुकानात येऊन मागतात.

वकिलांनी नवा अर्ज केला, फी घेतली नाही. (एकवीस वर्षांच्या उधारीच्या बोलीवर, असं ते म्हणाले. उधारी त्यांचीच होती.) मॅजिस्ट्रेट मॅडमनी आधी माणूस समोर आणा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन पोलिस साध्या कपड्यात आले. त्यातल्या हवालदारांना मी सलाम करतो. दार वाजवून म्हणाले, 'मास्तर, कोर्टात बोलावलंय, तुमची तक्रार तुम्हीच सांगा.' धाकटा चप्पल घालून निघाला. बेडी नाही, दोरी नाही.

कोर्टात मॅडमनी विचारलं, 'जेवलात का?' धाकटा म्हणाला, 'सील नव्हतं.' त्या थांबल्या, पेन खाली ठेवलं, अजून पाचसहा प्रश्न विचारले. मग आदेश लिहिला. सगळा मिळून पाऊण पान. या पाऊण पानाच्या मी अकरा कॉप्या काढल्या आणि अकराही लागल्या.

जीपमध्ये डिझेल आम्ही टाकलं. ठाण्याला त्या महिन्याचं पुरत नव्हतं असं सांगितलं. खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही, पण पावती मिळाली नाही.

दाखल होताना तीन तास लागले. जाणार असाल तर आदेशाच्या दोन सहीशिक्क्याच्या प्रती, दोघांची आधारकार्डं, रेशनकार्ड आणि जुन्या डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या न्या. चिठ्ठ्या विसरू नका. आधी कोणती गोळी किती होती हे त्यावरून कळलं म्हणून डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. तीन तास लागले कारण समाजसेवा अधीक्षक एकच बाई होत्या. दोन पदं रिकामी, असं त्यांनीच सांगितलं. घरची माहिती भरणं, डिस्चार्ज झालेल्यांच्या घरी फोन, कोर्टाची पत्रं, सगळं त्यांच्याकडे. आमचा फॉर्म भरता भरता त्यांनी डबा उघडून अर्धी पोळी खाल्ली आणि डबा परत बंद केला.

आता वॉर्ड. तुम्हाला जे माहीत करून घ्यायचंय ते आधी सांगतो : मारत नाहीत. निदान आमच्या वॉर्डात, आमच्या सदतीस दिवसांत मारलं नाही. साखळ्या नाहीत, नव्या कायद्यानं त्यांना बंदीच आहे. शेजारचे म्हणायचे डोकं भादरतात. तेही नाही, सक्तीनं मुंडण करता येत नाही. 'शॉक देतात का' हा आईचा पहिला प्रश्न होता. धाकट्याला दिला नाही, ज्यांना लागतो त्यांना भूल देऊन देतात आणि भुलीशिवाय द्यायला कायद्यानं मनाई आहे. कायदा असंही म्हणतो की रुग्णाला हवे तर स्वतःचे कपडे घालता येतात. ते मात्र कुणी विचारलं नाही. हिरवट सदरा-पायजमा दिला, नाडी काढून इलॅस्टिक घातलेला. धाकट्याला तो दोन मापं मोठा होता, डावा हात कायम कमरेला.

वॉर्ड स्वच्छ होता. फिनेलचा वास इतका की डोळे चुरचुरायचे. रात्री साठेक माणसांना एक सिस्टर आणि दोन मामा, म्हणजे वॉर्डबॉय. यात कुणाला झोप लागत नसेल, कुणी रडत असेल, कुणी नळ चालू ठेवत असेल, तर त्यातल्या कुणाकडे आधी जायचं हे मामांनी ठरवायचं. दोघांतले मोठे मामा निवृत्तीला आलेले. धाकट्याला चहा देताना ते आधी स्वतः एक घोट घ्यायचे आणि मग दुसरा पेला भरून द्यायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नवव्या दिवशी धाकट्यानं तो चहा प्यायला. उघड्या पेल्यातला, सील नसलेला. मोठ्या मामांनी मला संध्याकाळी स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला. मी दुकानाचं शटर अर्ध्यावर धरून उभा होतो.

डॉक्टरांबद्दल. संसदेच्या समितीच्या अहवालात आलेला आकडा बऱ्याच ठिकाणी छापून आलाय : देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५, हवेत ३. आमच्या वाट्याला आलेला पाऊण डॉक्टर उत्तम होता. राउंडला एका रुग्णापाशी फार तर चार मिनिटं, पण त्या चार मिनिटांत खुर्ची ओढून बसायचे, उभ्यानं बोलायचे नाहीत. दहा दिवस संपताना त्यांनी मॅजिस्ट्रेटना अहवाल पाठवला. पुढचा मुक्काम कलम ८९खाली, म्हणजे दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, नातेवाईकाच्या अर्जावर, जास्तीत जास्त तीस दिवस. कळवणं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला. हे मंडळ फार लोकांना माहीत नाही. सहा जण असतात, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे, आणि त्यात दोघं स्वतः आजारातून गेलेले किंवा अशा माणसाला सांभाळणारे किंवा संस्थांचे असतात. धाकट्यानं त्यांच्याकडे अर्ज केला : मला सोडा, माझ्या भावानं मला फसवून आणलंय. अर्जाला फी नाही. सुनावणी कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली, दहा-बारा मिनिटं. अर्ज फेटाळला. पण धाकटा आजही म्हणतो की त्या चार महिन्यांत त्याचं म्हणणं मध्ये न बोलता कुणी ऐकलं असेल तर त्या लोकांनी. मी गप्प बसतो, कारण मध्ये बोलणारा मीच होतो.

भेटीला गेलो की धाकटा व्यवसायोपचार विभागात पायपुसणी विणताना दिसायचा. त्याच्या शेजारच्या मागावर एक आजोबा. मी झेरॉक्सवाला हे कळल्यावर म्हणाले, 'काय भाव आता?' म्हटलं, दोन रुपये. ते हसले. 'लुबाडता लोकांना. साठ पैसे असतात.' आपल्याकडे साठ पैशांना झेरॉक्स कधी होती ते माझ्या वयाच्या लोकांनी आठवून बघावं. आजोबांच्या हाताला कंप नव्हता, बोलणं सरळ, धाग्याचा हिशोब चोख. घरचा पत्ता जुना, तिथे आता कुणी राहत नाही. बरे होऊनही वर्षानुवर्षं आत राहिलेल्या अशा लोकांसाठी डॉ. हरीश शेट्टी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. ते प्रकरण मी पेपरात वाचलं होतं. माणूस समोर बसून आपला भाव काढतो तेव्हा ते वेगळं लागतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली. तक्रार गेटच्या बाहेर सुरू होते.

डिस्चार्ज कार्डावर रिस्पेरिडोन ३ मिलिग्रॅम रात्री, पंधरा दिवसांच्या गोळ्या सोबत, पुढच्या तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यातून घ्या. कायदाही तेच म्हणतो, आणि हे वाक्य मी आता पाठ केलंय : अत्यावश्यक यादीतली औषधं मानसिक आजाराच्या रुग्णाला ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सर्व सरकारी दवाखान्यांत, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. 'सर्व काळ' असं लिहिलंय. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर पहिल्या महिन्यात उत्तर आलं, मानसिकचं इथे येत नाही, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला, ६४ किलोमीटर, मानसिक विभागाची ओपीडी सुरू होती, डॉक्टर होते, खिडकीवर गोळी नव्हती. दुसऱ्या महिन्यात ३ची नव्हती, २ची होती, दीड दीड घ्या म्हणाले. तिसऱ्या महिन्यात २चीही नाही, 'बाहेरून घ्या' असा शिक्का. त्या शिक्क्याचा रबर झिजलाय, 'बाहेरून'मधला 'बा' उमटत नाही.

त्या दीड गोळीचं सांगतो. गोळी बारीक, मधली रेघ नावाला. नखानं तुटेना, सुरीनं उडून जायची. शेवटी आईनं अडकित्ता काढला. रोज रात्री कॅलेंडरचं जुनं पान पसरून, चष्मा नाकावर ओढून, अडकित्त्यात गोळी धरायची आणि सुपारीसारखी कातरायची. दोन अर्धुकं कधी सारखी पडायची नाहीत. मोठं आज, छोटं उद्या. कागदावर उरलेली भुकटी ती बोटानं टिपून धाकट्याच्या तळहातावर ठेवायची, वाया जायला नको म्हणून.

आणि जिल्ह्याला गोळ्या आणायला जायचीही तीच. वय ७८. का, तर पंच्याहत्तरीच्या पुढे एसटीचं तिकीट माफ आहे. मी गेलो तर दुकान बंद आणि जाऊन-येऊन तिकीट, धाकटा गेला तर त्याची नव्या ठिकाणची रोजंदारी बुडते. घरात बसून तिघांनी हा हिशोब केला आणि सगळ्यात स्वस्त माणूस म्हणून आई निघाली.

खिडकीवरच्या फार्मासिस्टवर मी एकदा ओरडलो. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. मागणी गेलेली, आठ महिन्यांत तीनदा. वरची खरेदी अडकलेली, स्थानिक खरेदीचे पैसे साप-कुत्रा चावल्याच्या इंजेक्शनांना आधी जातात. 'गोळी नसली म्हणून तुमचा माणूस उद्या मरत नाही ना,' ते म्हणाले, आणि म्हणाल्याचं त्यांनाच वाईट वाटलं. खरंच आहे. उद्या मरत नाही. सहा आठवड्यांनी बिस्किटाचं सील बघायला लागतो.

दुकानात स्पर्धा परीक्षेची पोरं नोट्स काढायला येतात. त्यातल्या एकानं मला केंद्राच्या अर्थसंकल्पातली ओळ काढून दिली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम : २०१८-१९ला ५० कोटी, २०१९-२०ला ४०, आणि २०२२-२३पर्यंत दर वर्षी तेच ४०. जिल्ह्यांचा पैसा दुसऱ्या खात्यातून येतो हे मला कळतं, त्यावरून भांडू नका. पण या ओळीपुरता भागाकार केला तर माणशी वर्षाला एकोणतीस पैसे पडतात. आजोबांच्या साठ पैशांच्या भावानं अर्धी झेरॉक्स.

मला सगळ्यात जास्त झोंबतं ते हे. एका माणसाला घरातून दवाखान्यात हलवायला मॅजिस्ट्रेट, कारकून, वकील, दोन पोलिस, एक जीप, दोन तज्ज्ञ आणि न्यायाधीशाचं मंडळ एवढी यंत्रणा उभी राहिली, आणि राहिली ती चांगलीच राहिली. सदतीस दिवसांचा खर्च सरकारनं केला. माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. पण तोच माणूस पुन्हा त्या जीपमध्ये बसू नये यासाठी महिन्याला लागतात साडेतीनशे रुपयांच्या गोळ्या, खासगी दुकानातल्या भावानं. त्या मिळत नाहीत. पुन्हा बिघडला तर परत सगळी यंत्रणा हजर. मी परत अकरा कॉप्या काढेन.

सध्या गोळ्या आम्ही विकत घेतो. ३ची मिळते, अडकित्ता परत पानाच्या डब्यात गेला. धाकटा सकाळी एका गॅरेजमध्ये आणि संध्याकाळी माझ्याकडे लॅमिनेशनला असतो. नव्या कायद्यात आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' रुग्णानं साध्या कागदावर लिहून ठेवता येतो, म्हणजे पुढे वेळ आली तर त्याच्या वतीनं कोण बोलणार ते. त्यानं माझ्याच दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि नाव लिहिलं वहिनीचं. माझं नाही. पोलिस मी आणले ना. मी प्रिंट काढून दिली, पैसे घेतले नाहीत.

'वेडा अर्ज' ही फाइल काढून टाकली. कलम १०२चा नवा नमुना आहे, कलम ८९चाही आहे, कुणाला लागला तर फुकट देतो, मात्र वकिलांना दाखवल्याशिवाय कोर्टात देऊ नका.

आता तारे. माझ्या दुकानाला लोकांनी ४.६ दिलेत, त्यामुळे देण्याघेण्याची मला भीती नाही. वॉर्डला चार. कोर्टाला चार. गोळ्यांच्या खिडकीला एक, तोही रजिस्टर दाखवलं म्हणून. जेवणाला मी दोन लिहिले होते. धाकट्यानं हे सगळं आत्ता माझ्या खांद्यावरून वाचलं, पायजम्याच्या वाक्यावर हसला, मंडळाच्या वाक्यावर काही बोलला नाही. जेवणाचे तीन कर म्हणतो. बुधवारी उकडलेलं अंडं असायचं, आणि ते सालासकट द्यायचे.